डल्सीला परत कोण आणणार

सिग्नेट, टास्मानिया
गुरुवार, ८ मे २०२५

फर्गस,

मंगळवार, ६ मे २०२५, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. होबार्टच्या डायलिसिस केंद्रातल्या नर्सने डल्सी थॉर्पच्या कागदावर त्या मिनिटाला ‘रुग्ण घरी गेली’ असं लिहून सही केली. कागद मी स्वतः पाहिला आहे. त्यानंतर सहा वाजून पस्तीस मिनिटांपर्यंत ही घरी गेलेली रुग्ण दाराबाहेरच्या बाकावर बसून होती. वय एक्क्याऐंशी, चार तास रक्त यंत्रातून फिरवून घेतलेलं, हाताला पट्टी, अंगात पातळ स्वेटर. डोंगरावर सकाळीच बर्फ पडलं होतं. मे महिन्यात तिथे पाचलाच अंधारतं, हे तुला सांगायला नको. तुमचं ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर आहे.

तिथल्या पहारेकरी बाईने, सबिता तिचं नाव, तीनदा विचारलं. डल्सीने तिन्ही वेळा सांगितलं, “माझी गाडी येतेय.” चौथ्यांदा सबिताने काही न विचारता तिची पर्स उघडली आणि आतल्या कागदावरचा माझा नंबर फिरवला. मी पोचले तेव्हा तिने आपला कोट डल्सीच्या गुडघ्यांवर घातलेला होता.

परतीच्या वाटेवर सँडफ्लाय गाव आलं. तेव्हा डल्सी म्हणाली, “कॉनी, मला वाटलं तुम्ही लोकांनी ठरवलं असेल.”

“काय ठरवलं असेल?”

“की आता पुरे झालं.”

मी गाडी बाजूला घेतली. फर्गस, मी सव्वीस वर्षं या खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात पोचवण्याचं वेळापत्रक सांभाळलं. एकही माणूस विसरले नाही. माझ्या निवृत्तीनंतर सहाव्या आठवड्यात माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला वाटलं की आपल्याला मुद्दाम सोडून दिलंय.

चौकशी मी केली, कारण तुमच्यापैकी कुणी केली नसती. डल्सीला नेहमी आमचा जुना चालक मर्व्ह नेतो. त्या दिवशी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून रसेल गेला. रसेल नवा, सरळ माणूस. माझ्या वेळापत्रकाच्या जागी आलेल्या तुमच्या ॲपमध्ये लिहिलं होतं ते त्याने केलं. अकरा वाजता डल्सीला केंद्रात सोडलं. फोनवर हिरवी खूण आली: ‘फेरी पूर्ण झाली. धन्यवाद.’ तो घरी गेला. जेवला. झोपला. त्याला मी काय बोलू?

तुमच्या ॲपमध्ये जायची सोय आहे, यायची नाही. मी बुधवारी फोन केला तेव्हा तू काय म्हणालास, ते मी लिहून ठेवलं आहे. “मावशी, परतीचा भाग पुढच्या पंधरवड्यात घेतोय.”

आज डल्सीचा पुन्हा दिवस होता. ती गेली नाही. दार उघडलं नाही, आतूनच म्हणाली की बरं वाटत नाही. एक दिवस चुकला तर काय होतं हे तिला माहीत आहे आणि मलाही. तुला नसेल तर विचार कुणाला तरी.

मला खुलासा हवा आहे.

कॉन्स्टन्स हॅनिगन


मंगळवार, १३ मे २०२५
(केंद्राच्या आवारात, गाडीत बसून)

फर्गस,

तुझं उत्तर मिळालं. तुझं म्हणजे तुझ्या संगणकाचं. ‘आपल्या सूचनेबद्दल आभार. ती यादीत नोंदवली आहे. क्रमांक २१२. महत्त्व: मध्यम.’

मी तुला जन्मापासून ओळखते. तुझ्या आईच्या आजारपणात तू दोन हिवाळे माझ्याकडे राहिलास. आता मी क्रमांक २१२ आहे आणि माझं महत्त्व मध्यम आहे. ठीक आहे. तू फोन उचलत नाहीस, तर मी लिहीत राहीन. टपालाला यादी नसते, पत्र दारात येऊन पडतं.

शनिवारी डल्सीला मीच आणलं. तिची अट अशी, की माझी गाडी तिच्या खिडकीतून दिसेल अशी उभी करायची आणि मी जागेवरून हलायचं नाही. आजही तीच अट. मी सकाळपासून इथे आहे. शब्दकोडं संपलं, डबा संपला. मधूनमधून ती खिडकीतून बघते. मी हात वर करते. ती मान वळवते.

तेव्हा वेळ आहे, तर तुझ्या ऑफिसबद्दल लिहिते.

मी आले होते तो पहिला दिवस आठव. बंदरावरची जुनी वखार, सगळी भिंत रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेली. सकाळी साडेनऊला तुम्ही सगळे उभे राहिलात. बसलं की माणूस लांबण लावतो, म्हणून उभं राहायचं, हे मला आवडलं. आमच्या शाळेतल्या सिस्टर इमेल्डाही आम्हाला उभंच करायच्या, फक्त कारण वेगळं असायचं. प्रत्येकाने सांगितलं: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. पंधरा मिनिटांत संपलं. मी वाट बघत होते की आता कुणीतरी विचारेल, हे सगळं मिळून होणार काय आहे, आणि कधी. कुणी विचारलं नाही. म्हणून मी विचारलं, “योजना कुठे लावलीय?”

तुमची ती सभा चालवणारी टॅमसिन गोड हसली. “आम्ही ॲजाइल पद्धतीने काम करतो, कॉनी. आधी योजना करून बसत नाही. बदल येईल तसं वळतो.”

“मुली,” मी म्हणाले, “डल्सीच्या मूत्रपिंडात काही बदल येणार नाहीये. मंगळवार, गुरुवार, शनिवार. चार वर्षं झाली.”

सगळे हसले. तूही हसलास. मला वाटलं, मुद्दा पोचला.

ती पद्धत काय आहे, हे मी आता वाचनालयात बसून वाचलं आहे. माझी खात्री होती की चोरांची टोळी सापडेल. तसं नाही. शहाण्या माणसांनी लिहिलं आहे. थोडं थोडं करा, केलेलं लोकांना दाखवा, चुकलं तर लवकर सुधारा. हे मला मान्य आहे, मी शिवणकाम असंच करते. पण कुठे जायचंय हे ठरवू नका, असं त्यात एका ओळीनेही म्हटलेलं नाही. ते तुम्ही पदरचं घातलंत. पद्धत दुसऱ्यांची, आळस तुमचा, आणि त्याला त्यांचं नाव.

माझी वही तुम्हाला जुनाट वाटली. टॅमसिनने तिचा फोटो काढला, ‘किती गोंडस’ म्हणाली आणि परत दिली. वाचली नाही. त्या वहीत प्रत्येक माणसापुढे दोन ओळी असत. नेणारा काळ्या शाईत, आणणारा लाल शाईत. आणि नियम असा होता की लाल ओळ आधी भरायची. डल्सीला परत कोण आणणार हे कुणी फोनवर ‘हो’ म्हणून कबूल केल्याशिवाय तिला नेणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. दवाखान्यात सोडायला शंभर जण तयार असतात, सकाळ मोकळी असते. चार वाजता शाळेतून नातवंडं आणायची असतात. म्हणून उलटीकडून सुरुवात करायची. हा नियम मला कुणी शिकवला नव्हता. पहिल्याच वर्षी एका माणसाला मी सव्वा तास ताटकळत ठेवलं, त्यातून शिकले. तेव्हापासून कुणालाच नाही.

तुम्ही नेण्यापासून सुरुवात केलीत, कारण ते सोपं होतं आणि पंधरवड्यात दाखवता येत होतं.

चार वाजत आले. ती उठून बसलेली दिसते आहे.

कॉ. हॅ.


शनिवार, १७ मे २०२५

फर्गस,

काल तुझं पाकीट आलं. पत्र नाही, फोटो. २५ मार्चच्या भिंतीचा. तीन पिवळ्या चिठ्ठ्या, एकाखाली एक. ‘मोठी अक्षरं.’ ‘चालकाचा फोटो.’ ‘परतीची फेरी.’ आणि त्यांच्यावर माझ्या हातचे आकडे: एक, दोन, तीन. मागे तू लिहिलंस, “क्रम तू लावलास, मावशी.”

हो. लावला.

तो दिवस तुलाही आठवत असेलच. मला निवृत्त व्हायला तीन दिवस होते. तुम्ही लॅमिंग्टन केक आणले होते. माझ्या गळ्यात बिल्ला घातला, ‘मालक’ असं काहीतरी त्यावर होतं. टॅमसिन म्हणाली, “कॉनी, या पंधरवड्यात यातलं एकच होईल. तुम्ही ठरवा. तुम्हीच आमचा ग्राहक.”

मी परतीबद्दल त्याआधी तीनदा बोलले होते. चौथ्यांदा बोलायचं ते तेव्हा. मी मोठी अक्षरं निवडली.

का, ते सांगते. तुमचा तो पडदा मला वाचता येत नव्हता. दोन महिने मी मान डोलवत होते आणि मला दिसत होते ते राखाडी किडे. गेल्या वर्षीपासून डोळ्यांच्या मधोमध एक डाग आहे. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय. मी ते कुणाला सांगितलेलं नाही, डल्सीलाही नाही. सगळ्यांसमोर ‘मला दिसत नाही’ म्हणण्याऐवजी मी चिठ्ठीवर एक आकडा टाकला. वाटलं, परतीला काय, मर्व्ह थांबतोच.

आणि तो थांबत होताच. कुणाला न सांगता. डल्सीला सोडून बंदरावर जायचा, शिंपल्यांचं सारण भरलेला स्कॅलप पाय खायचा, पेपर वाचायचा आणि चारला परत दारात. तुमच्या ॲपमध्ये त्याची फेरी अकरा वाजताच संपलेली असायची. असं एकोणीस म्हाताऱ्यांचं चालू होतं, सहा आठवडे, सगळे जुने चालक सवयीने थांबत होते. एप्रिलच्या शेवटी तू आमच्या वाहतूक सेवेच्या मंडळासमोर पडद्यावर दाखवलंस: एकशे चाळीस फेऱ्या, तक्रारी शून्य. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझा भाचा होता.

माझा भाग हा असा आहे. मी तो मंडळाच्या अध्यक्षबाईंनाही लिहून दिला आहे, प्रत सोबत आहे. आता तुझ्या भागाकडे येऊ.

ती चिठ्ठी वेगळी लिहिली कुणी? एका माणसाला दवाखान्यात नेऊन घरी आणणं हे एक काम आहे. तुम्ही त्याचे दोन तुकडे केलेत, दुसरा तुकडा अक्षरांच्या आकाराशेजारी लावलात आणि एका म्हातारीला विचारलंत, यातलं काय हवं. असं विचारायचंच नसतं, फर्गस. नर्स डल्सीला विचारते का, की आज सुई टोचू की काढू, एकच होईल? निवड माझ्या हातात दिलीत ती माझा मान राखायला नव्हे. उद्या काही झालं तर आकडा माझ्या अक्षरात असावा म्हणून. आणि बघ, उपयोगी पडलाच.

हे तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. तुला ते कळलंही नसेल. पण तुझं काय झालंय ते मला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी त्या मोठ्या सरकारी कामात तू वर्षभर बसून दोनशे पानांची योजना केलीस. सरकार बदललं, काम गेलं, आणि लोकांनी त्या दोनशे पानांतली एकेक तारीख तुझ्या तोंडावर मारली. तेव्हा तू इथे आला होतास. माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणालास, “पुन्हा कधी तारीख लिहून देणार नाही.” मी तुला चहा दिला आणि म्हणाले, नको देऊस. तेव्हा मी बोलायला हवं होतं. लिहिलेली योजना चुकली तर चूक दिसते. न लिहिलेली चुकली तर तुम्ही म्हणता, ‘यातून शिकलो.’ तुम्ही दर पंधरवड्याला काहीतरी शिकता. माझं म्हणणं इतकंच, की शिकायला डल्सी वापरू नका.

आज तिला पुन्हा मीच नेलं आणि आणलं. येताना हुऑनव्हिलच्या अलीकडे तिने विचारलं, “तू रोज अशी किती दिवस येणार?”

“लागतील तितके.”

“खोटं बोलतेस. तू मघाशी लाल दिव्याला थांबली नाहीस.”

मी म्हणाले, पिवळा होता.

“कॉनी, मी आजारी आहे, आंधळी नाही,” ती म्हणाली.

तुझी मावशी


सोमवार, १९ मे २०२५

फर्गस,

हे शेवटचं.

शनिवारचं पत्र काल टाकल्यावर मी गाडी घेऊन टपालपेटीवरून परत येत होते. दुपारचे दोन, स्वच्छ ऊन. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. मला ती दिसली नाही. तिची ओरड ऐकू आली आणि मी ब्रेक दाबला. हातभर अंतर राहिलं. बाळ झोपलेलंच होतं. ती बाई मला इतकं बोलली, आणि त्यातला एकही शब्द जास्त नव्हता.

आज सकाळी मी जाऊन वाहन परवाना परत केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “नक्की ना? परत मिळायला अवघड जातं.” मी म्हणाले, नक्की.

आता परिस्थिती काय आहे ती नीट वाच, कारण मी ती एकदाच मांडणार आहे.

अध्यक्षबाईंनी चालकांना अनधिकृतपणे थांबायला बंदी केली आहे. ॲपमध्ये नोंद नसलेल्या फेरीला विमा नाही, मर्व्हने ते सहा आठवडे डल्सीला विम्याशिवाय आणलं हे कळल्यावर त्यांना रात्रभर झोप नाही. त्यांचं बरोबर आहे. वही पुन्हा सुरू करू का, म्हणून मी विचारलं. विमा कंपनी वही मानत नाही. म्हणजे परतीची फेरी आता तुमच्या ॲपमधूनच होऊ शकते, नाहीतर होऊच शकत नाही. या आठवड्याचे तीन दिवस आमच्या चर्चचे फादर ब्रेंडन आपल्या गाडीने डल्सीला नेणार-आणणार आहेत. पुढच्या आठवड्यात ते मेलबर्नला आहेत. सोमवारी, २६ मे रोजी सकाळी दहाला मंडळाची सभा आहे. तोवर परतीची व्यवस्था हातात नसेल तर होबार्टच्या सगळ्या फेऱ्या बंद करण्याचा ठराव आहे. एकोणीस माणसं.

डल्सीला काल मी हे सांगितलं. तिला होबार्टच्या वृद्धाश्रमात खोली मिळू शकते, केंद्राजवळच, हेही सांगितलं. ती खिडकीतल्या जिरेनियमची वाळकी पानं काढत होती. म्हणाली, “या घरात मी चोपन्न वर्षं आहे. तिकडे नाही जायची. मग मी थांबेन, कॉनी.”

“थांबेन म्हणजे?”

“यंत्रावर जायचं थांबेन. आठ-दहा दिवस लागतात म्हणे. नर्सला विचारलंय मी.”

ती रागावलेली नव्हती. रडत नव्हती. पानं कागदात गुंडाळून तिने कचऱ्यात टाकली आणि विचारलं, चहा घेणार का.

म्हणून मला तुझ्याकडून एक कागद हवा आहे. दोनशे पानं नकोत. एक पान. त्यावर एकोणीस नावं, प्रत्येकापुढे नेणारा आणि आणणारा, आणि ज्याला जमणार नाही त्याच्या जागी कोण, हे. परतीची फेरी तोवर ॲपमध्ये वेगळी फेरी म्हणून हाताने कशी भरायची आणि तिची सोय ॲपमध्ये कोणत्या तारखेला येणार, हे. तारीख लिही. चुकली तर चुकली, खोडून दुसरी लिही, पण लिही. तुझ्या भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्यांपेक्षा त्या एका पानाला जास्त वेळ लागेल, कारण तुला आधी बसून फोन करावे लागतील. माझी वही सोबत पाठवते आहे. प्रत्येक चालकाला दुपारी काय अडचण असते ते समासात लिहिलं आहे. फोटो काढू नकोस, वाच.

त्या पानावर पहिलं नाव भरशील ते मंगळवार, २७ मे, दुपारी चार वाजून दहा मिनिटांचं. डल्सी थॉर्पला केंद्राच्या दारातून घरी आणणाऱ्या माणसाचं. तो माणूस ‘हो’ म्हणालेला असला पाहिजे, तुला, स्वतःच्या तोंडाने. तू स्वतः आलास तरी चालेल, गाडी तुझ्याकडे आहे.

मी डल्सीला सांगितलं आहे की शुक्रवारी तिला नाव कळेल. मी हे तुला न विचारता सांगितलं. तिने यावर विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. पण तिने कॅलेंडरवर शुक्रवारला खूण केली.

उत्तर कागदावर, तुझ्या सहीने, माझ्या दारात. फोन नको, आभार नकोत, क्रमांक नको. शुक्रवार, २३ मे २०२५, दुपारी बारा वाजेपर्यंत.

कॉनी मावशी